‘मामाशी’ आणि ‘मामाने’ : बायकांच्या कॉलेजची एक बातमी

पुण्याच्या दैनिकात आमच्या भागातली बातमी आली की तिच्या डोक्यावर ‘आमच्या बेळगावच्या वार्ताहराकडून’ अशी ओळ असे. तो वार्ताहर मी. नाव छापण्याची पद्धत नव्हती आणि ते बरेच होते. बेळगावात ज्याच्याविषयी लिहावे तो माणूस दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात समोर उभा राहत असे.

काम सोपे होते. कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडून बातमी लिहायची. ती जागा पुण्यातल्या उपसंपादकाच्या पेन्सिलीसाठी. पाकीट संध्याकाळच्या मेलने जायचे. पुढे त्या मजकुराचे काय झाले ते छापलेला अंक बेळगावात परत येईपर्यंत कळत नसे. तार करायची ती फक्त खून, दंगा, पूर आणि मोठ्या पुढाऱ्याचे आगमन यांसाठी.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची येत. एक वकील आपले भाषण सभेच्या आदल्या दिवशीच लिहून आणून देत. त्यात योग्य त्या ठिकाणी कंसात ‘टाळ्या’ असे लिहिलेले असे. एका सभेत टाळ्या झाल्या नाहीत, म्हणून मी तो शब्द गाळला. तेव्हा ते म्हणाले, “लोक विसरले असतील. तुम्ही कशाला विसरता?” दुसरे एक गृहस्थ नाव छापा म्हणून नव्हे, तर छापू नका म्हणून आले होते. त्यांच्या मुलीला बायकांच्या कॉलेजात निबंधाचे बक्षीस मिळाले होते. “बक्षीस छापा,” ते म्हणाले, “मुलगी छापू नका.”

ही गोष्ट त्या कॉलेजची आहे. एकोणीसशे तिसाच्या आसपासची ती वर्षे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते.

कॉलेज म्हणजे खासबागेतल्या एका विणकराच्या घराचा वरचा मजला. खाली हातमाग, वर तर्कशास्त्र. जिना बाहेरून होता. पायऱ्या चढताना मागाचा खटखटाट पायांना जाणवे. वर दोन खोल्या आणि मागे एक सज्जा. सज्ज्यात एक पाळणा टांगलेला असे, कारण विद्यार्थिनींतल्या एक-दोघी लेकुरवाळ्या होत्या. तास चालू असताना पोर रडले तर खालची विणकराची बायको वर येऊन झोका देऊन जाई. हे तिला कोणी सांगितले नव्हते.

हे कॉलेज ज्या विद्यापीठाचे, त्याचे मुख्य ठाणे पुण्यात होते. बायकांसाठी वेगळे विद्यापीठ काढावे, त्यात सर्व विषय मातृभाषेतून शिकवावेत आणि इंग्रजी ही एक भाषा म्हणून शिकवावी, असा ते काढणाऱ्यांचा विचार होता. त्या पदवीला सरकारदरबारी तेव्हा मान नव्हता. गावातले इंग्रजी शिकलेले लोक तिला ‘भाकरीची पदवी’ म्हणत, कारण अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था हेही विषय होते. टाळ्यांच्या वकिलांनीच हा शब्द एका सभेत वापरला. त्या दिवशी टाळ्या खरोखर पडल्या.

त्याला उत्तर द्यायला कॉलेजच्या प्रमुख मनोरमाबाई आठल्ये उठल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, शिक्षण पुण्यात झालेले, आवाज बारीक. सगळ्या त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्या म्हणाल्या, “आमच्या मुली सकाळी घरच्यांच्या भाकऱ्या भाजून येतात आणि मग तर्कशास्त्राचा पेपर लिहितात. वकीलसाहेबांनी यातली एकच परीक्षा दिलेली आहे.” आणि त्या खाली बसल्या. मी हे शब्दशः पाठवले. पुण्याने पहिले वाक्य ठेवले, दुसरे कापले.

बाई बेळगावला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक आणि गुंडाळता येणारा कापडी फळा होता. आधी त्यांनी मोठ्या बायकांसाठी मॅट्रिकच्या तोडीचा वर्ग काढला. त्यातल्या काही पुढे टिकल्या, त्यांच्यासाठी कॉलेजचा पहिला वर्ग निघाला; मग दुसरा, मग पदवीचा शेवटचा. दरवर्षी गाव म्हणे की आता हे बंद पडणार. दरवर्षी बाई आणखी एक सतरंजी विकत घेत.

वर्गात बसायची मला परवानगी होती, मात्र दाराजवळ आणि तोंड मिटून. तिथे मी जे पाहिले तसे शिकवणे पुरुषांच्या कॉलेजात पाहिले नव्हते. मराठीतून शिकवायचे तर मराठीत पुस्तके नव्हती. कपाटात होती ती बहुतेक इंग्रजी. बाई इंग्रजी पुस्तकातला उतारा तोंडी मराठीत सांगत आणि मुली तो आपल्या शब्दांत मांडत. मग एकेक वाक्य फळ्यावर येई आणि बाई दोनच प्रश्न विचारत. “यात काय म्हटलंय?” आणि नंतर, “यात काय म्हटलेलं नाही?” दुसऱ्या प्रश्नावर कधी कधी अर्धा तास जाई. नेमका शब्द सापडला नाही तर खानापूरकडची एक मुलगी कानडी शब्द सुचवी, आणि तो चांगला असला तर तोच राही. बोलताना प्रत्येकीने घरी बोलते तसे बोलावे, लिहिताना पुस्तकासारखे लिहावे, असा बाईंचा नियम होता. त्यामुळे त्या वर्गात ‘न्हाय’ आणि ‘अनुमान’ हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकू येत.

शेवटच्या वर्गात चौघी होत्या. त्यातली एक शेवंता चौगुले. सांबऱ्याची, शेतकऱ्याची मुलगी. आज तिथे विमाने उतरतात. तेव्हा काळ्या रानातून टांग्याने जावे लागे. शहरातल्या मावशीकडे राहून ती शिकत होती. उंच, सावळी, बोलायला फटकळ. वर्गात ती हरकत घेई तेव्हा बाई खडू खाली ठेवत.

एका गोष्टीत मात्र शेवंताने बाईंना पहिल्याच वर्षी अडवले होते. समाजशास्त्राचा तास होता. विषय विवाहाचा. बाईंनी सहज विचारले, तुझे कुठे ठरले आहे का? शेवंता म्हणाली, “व्हय. मामाबरबर.”

बाई दचकल्या. “अगं, मामा म्हणजे बापाच्या जागी! असं बोलू नये.”

सगळा वर्ग हसला, आणि हसला तो बाईंना. आमच्या या भागात, कानडी मुलखाला लागून असलेल्या कितीतरी घरांत, मुलीचे लग्न तिच्या सख्ख्या मामाशी होते. ती नुसती चालरीत नाही, मामाचा तो हक्क मानतात. पुण्याकडे किंवा कोकणात मामाच्या मुलाशी लग्न ऐकिवात असेल. खुद्द मामाशी म्हटले तर लोक कानावर हात ठेवतील.

बाईंनी त्या दिवशी पुढचा पाठ बाजूला ठेवला. प्रत्येकीला सांगितले की आपापल्या घरात कोणाचे कोणाशी लग्न चालते आणि कोणाशी चालत नाही ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सहा घरांच्या सहा तऱ्हा उभ्या राहिल्या. निपाणीची जैन मुलगी, खानापूरची लिंगायत, शहरातली ब्राह्मण, सांबऱ्याची मराठा. प्रत्येकीला दुसरीची रीत विचित्र वाटत होती. बाई म्हणाल्या, “आजपर्यंत मला माझीच रीत म्हणजे रीत वाटत होती. ही चूक तुम्ही करू नका.” मी त्या तासाची बातमी केली. पुण्याने ती छापली नाही. कारण कळवायची पद्धत नव्हती.

पदवीच्या शेवटच्या वर्षी, परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना, बाईंनी मला बोलावले. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मुली हव्या होत्या. गावोगावच्या बापांना वाटे की कॉलेजात फक्त वकिलांच्या आणि मामलेदारांच्या मुली जातात. तेव्हा या चौघींची माहिती पेपरात यावी, असे त्यांचे म्हणणे.

“नावं छापू?” मी विचारले.

“पूर्ण नावं छापा. गावासकट. बिननावाची विद्यार्थिनी परीक्षेला बसत नाही.”

शेवंताने आपली माहिती स्वतः सांगितली. मामाचे नाव बाळाप्पा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत मुकादम. वयाने तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. लहानपणापासून ठरलेले. तो थांबायला तयार आहे. “ह्ये लिव्हा,” ती म्हणाली. “लगीन ठरलेल्या पोरीबी शिकत्यात, ह्ये कळू दे लोकास्नी.”

मी लिहिले : ‘कु. शेवंता चौगुले यांचा मामाशी विवाह ठरला असून पदवी मिळेपर्यंत विवाह न करण्यास त्यांनी संमती दिली आहे.’

पुण्यात आमच्या भागाच्या बातम्यांच्या टेबलावर एक अतिशय दक्ष उपसंपादक होते. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांच्या हातून सुटत नसे. त्यांनी ‘मामाशी विवाह’ वाचला, बेळगावच्या वार्ताहराची लेखणी घसरली असे ठरवले आणि सरळ केले. छापून आले ते असे : ‘कु. शेवंता चौगुले यांचा मामाने विवाह ठरविला असून पदवी मिळेपर्यंत विवाह न करण्यास त्यांनी संमती दिली आहे.’

पुण्याच्या वाचकाला यात काही खटकण्याचे कारण नव्हते. भाचीचे लग्न मामा जमवतो, हे सगळीकडचेच. पण निपाणीच्या वखारीत दुपारी जेवणाच्या सुट्टीत हा पेपर मोठ्याने वाचला जाई. तिथे त्याचा अर्थ एकच झाला. जिच्यावर मामाचा हक्क, तिचे लग्न मामानेच ठरवले, म्हणजे दुसऱ्या कोणाशी तरी ठरवले. मामाने भाची सोडली.

सांबऱ्यातही बातमी पोचली. चार दिवसांनी शेवंताची जागा वर्गात रिकामी होती. तिच्या मावशीने निरोप आणला की आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला गावी नेले आहे. बाळाप्पाशी लग्न याच महिन्यात लावून टाकायचे ठरले आहे. परीक्षा नाही.

मी पुण्याला सविस्तर लिहून खुलासा छापण्याची विनंती केली. उलट टपाली उत्तर आले, की मूळ वाक्य हा उघड लेखनदोष वाटला. ते खरे असेल तर छापण्याने त्या मुलीचेच हसे होईल. सबब खुलासा नको. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी त्या मुलीवर उपकारच केला होता.

उत्तर वाचून बाई म्हणाल्या, “हे गृहस्थ मला माहीत आहेत. पहिल्या वर्षी मीच होते ते.” आणि त्यांनी खाली टांगा बोलवायला सांगितला.

फाल्गुनाचे ऊन होते. चौगुल्यांच्या खळ्यावर जोंधळ्याची मळणी चालू होती. आप्पा अंगावरचा भुसा झटकत पुढे आले. बाईंसाठी घोंगडे अंथरले. घरातून गूळ-पाणी आले. खळ्याच्या कडेला एक धिप्पाड तरुण खाली मान घालून बसला होता. त्याच्या कपड्यांना तंबाखूचा उग्र वास होता. हाच बाळाप्पा. गेले दोन दिवस तो कामावर गेला नव्हता.

“बाई, तुमचं लई उपकार हाईत,” आप्पा म्हणाले. “पण आता न्हाय. पोरीला मामानं टाकली असं गावभर झालंय. देवळात गेलतो, तितंबी तेच. लगीन लावून मोकळं व्हतो.”

मी सगळा प्रकार सांगितला. मी काय लिहिले, पुण्यात काय बदलले.

“पर त्येनी बदललं का?” आप्पांनी विचारले.

“पुण्याकडे मामाशी लग्न करत नाहीत. त्यांना वाटलं, मी चुकलो.”

आप्पा विचारात पडले. “करत न्हाईत? मग मामाचं काय करत्यात?”

“नमस्कार करतात,” बाई म्हणाल्या.

मळणीवरचे गडी हसले. आप्पाही हसले. बाळाप्पा हसला नाही. तो माझ्याकडे वळला. “पेपरवालं, तुमी इथं हसताय. तितं वखारीत मला रोज इचारत्यात, भाचीला कुठं दिलंस म्हणून. एक म्हणतोय, शिकल्याली पोरगी, तुला न्हाय जमायची, सोडलंस ते बेस केलंस. मी काय सांगू? मला वाचाय येत न्हाय. पेपरात लिवलंय म्हटल्यावर कोण माझं ऐकतंय?”

खुलासा छापून येणार नव्हता आणि तोंडी खुलाशाला कोणी विचारत नव्हते. बाईंनी पदवीचे महत्त्व सांगायला सुरुवात केली, पण ते त्या खळ्यावर कोणाला नाकारायचेच नव्हते. आप्पांचे म्हणणे एवढेच होते की महत्त्व आहे, पण अब्रू आधी.

तेवढ्यात घराच्या दारातून शेवंता आली. डोक्यावर पदर, हातात तो पेपर. तिने बाईंकडे बघितले नाही, माझ्याकडेही नाही. ती सरळ मामाच्या पुढे जाऊन बसली.

“मामा, ह्ये तू ऐकलंयस का दुसऱ्यानं सांगितलंय?”

“वाचून दाखिवलंय की वखारीत.”

“मी वाचते, आता ऐक.” तिने ते वाक्य सावकाश वाचले. मग पुन्हा वाचले. “आता सांग. ह्यात नवऱ्याचं नाव हाय?”

बाळाप्पा म्हणाला, “न्हाय.”

“दुसरीकडं दिली असं हाय?”

“…न्हाय. तसं न्हाय ते.”

“मग काय हाय? मामानं लगीन ठरवलंय. तू माझा मामा हाईस का न्हाईस?”

“हाय की.”

“तू ठरवलंयस का न्हाईस?”

“ठरवलंय की. पैल्यापासनं.”

“मग ह्यात खोटं काय हाय? आणि म्होरं काय लिवलंय? पदवी मिळंपातूर लगीन न करायला त्येनी संमती दिली हाय. त्येनी म्हंजे कुणी? तूच. लोकं लिवलेलं वाचत न्हाईत, न लिवलेलं वाचत्यात.”

बाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिले. त्या खाली मातीकडे बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटले होते. शेवंताने जे केले ते वर्गातल्या फळ्यावर रोज होत होते, फक्त तिथे कोणाचे लग्न टांगणीला लागलेले नसे.

आप्पा म्हणाले, “शब्दांचा खेळ झाला ह्यो. गावाला कोण समजावणार?”

“गावाला मामा समजावंल,” शेवंता म्हणाली. “मामानं ठरवायचं म्हणून छापलंय न्हवं? मग ठरवू दे मामाला. आत्ता, सगळ्यांम्होरं.”

बैल थांबले होते. गड्यांनी ते मुद्दाम थांबवले होते. मग बाळाप्पाने जे विचारले ते वखारीतल्या हसण्याविषयी नव्हते.

“शेवंता, खरं सांग. एवढं शिकल्यावर तू निपाणीत ऱ्हाशील? मुकादमाच्या घरात?”

माझी खात्री होती की आता ती त्याला धीर येईल असे काहीतरी गोड बोलेल. तिने विचारले, “निपाणीत पोरींची शाळा हाय?”

“हाय. चौथीपातूर.”

“तितं मास्तरीण लागंल?”

“लागंल की.”

“मग ऱ्हाईन.”

“म्हंजे शाळेसाठी ऱ्हाणार. माझ्यासाठी न्हाय.”

“तुझ्यासाठीबी ऱ्हाईन,” ती म्हणाली. “पर ते सगळ्यांम्होरं इचारत्यात व्हय रं?”

खळ्यावर जो हशा झाला त्यात या वेळी बाळाप्पाही होता. तो उठला, अंगरखा झटकला आणि आप्पांना म्हणाला, “दाजी, पेपरात आलंय, मामानं ठरवलंय म्हणून. तर मी ठरवलंय. परीक्षा झाल्यावर लगीन. कुणी इचारलं तर माझ्याकडं धाडा.” मग मला म्हणाला, “आणि तुमी आता कायबी छापायचं न्हाय.”

मी कबूल झालो. त्या दिवशी सांबऱ्याच्या खळ्यावर पाहिले त्याहून चांगली बातमी मला सगळ्या नोकरीत मिळाली नाही. ती मी पाठवली नाही. त्याची हळहळ आहे, पण शब्द दिला होता. आज त्या घरातली मुले मोठी झाली आहेत आणि लिहायला त्यांची ना नाही, म्हणून लिहितो.

परीक्षा बेळगावातच झाली. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी खाली माग थांबवता येतील का असे विचारले. बाई म्हणाल्या, “मुलींना त्या आवाजाची सवय आहे. थांबवलेत तर त्या बावरतील.” माग चालू राहिले. शेवंता समाजशास्त्रात पहिली आली, तर्कशास्त्रात जेमतेम पास झाली. यावर बाई काही दिवस नाराज होत्या, आणि त्यांची नाराजी परीक्षकांवर होती.

लग्न वैशाखात लागले. पदवीदान पावसाळ्यानंतर पुण्यात होते. समारंभाची बातमी करायला मी गेलो होतो. मंडपाच्या दारात एक कारकून पाहुण्यांना पास देत होता. पासावर नाव आणि पदवीधर विद्यार्थिनीशी असलेले नाते लिहावे लागे. माझ्यापुढे नवा फेटा बांधलेला बाळाप्पा उभा होता.

“नातं?” कारकुनाने विचारले.

“मामा.”

कारकुनाने लिहिले. मग यादी पाहून म्हणाला, “या बाईंचं लग्न झालेलं दिसतं. यजमान आले नाहीत?”

“आल्यात की.”

“मग त्यांनाही पास लागेल. कुठं आहेत?”

“ह्यो काय, मीच.”

कारकुनाने चष्मा काढला. मागे रांग खोळंबली होती. मी पुढे होऊन काही सांगावे असे मनात आले, पण बाळाप्पाला मदतीची गरज दिसत नव्हती. तो शांतपणे म्हणाला, “दोन पास द्या. न्हायतर एकावरच दोनी लिवा. आमच्यात चालतंय.”

कारकुनाने एका पासावर दोन्ही लिहिले.

आत मंडप भरला होता. पदवीधर मुली पुढच्या ओळीत बसल्या होत्या. मोठ्या बाई त्यांच्या मागे. अध्यक्षांचे भाषण लांबले. मुलींनी पदवीनंतर आदर्श माता व्हावे, असे ते सांगत होते. मी ते लिहून घेतले, कारण ते छापले जाणार होते. मग नावे पुकारायला सुरुवात झाली.

शेवंताचे नाव पुकारले गेले तेव्हा बाळाप्पा उभा राहिला. मंडपात त्या वेळी दुसरे कोणी उभे नव्हते. मागच्या ओळीतून “खाली बसा, खाली बसा” असे आवाज आले. एकाने त्याचा अंगरखाही ओढला. तो बसला नाही. ती व्यासपीठावर चढली, पदवी हातात घेतली, नमस्कार केला, पायऱ्या उतरली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. मग तो बसला.